वेलचेरीतला लांब मेनू : एका आरोपाचं खंडन

हॉटेलच्या मेनूविषयी एक मत हल्ली इतकं पक्कं झालं आहे की त्याची शहानिशा करायची गरज कुणाला वाटत नाही. मेनू लांबलचक असेल तर हॉटेल बेताचं आणि मेनू चार ओळींचा असेल तर स्वयंपाकघर प्रामाणिक. खाण्याविषयी लिहिणारे हे लिहितात, खाण्यासाठी गावोगाव फिरणारे हे सांगतात. पुण्या-कोल्हापुरात एखाद्या मिसळीच्या ठिकाणाची थोरवी सांगायची, तर 'तिथे दुसरं काहीच मिळत नाही' हे वाक्य आधी येतं आणि चवीची गोष्ट मागाहून. गॉर्डन रॅमसे यांच्या 'किचन नाइटमेअर्स' या मालिकेने २००४ पासून बुडत्या हॉटेलांना जे उपाय सुचवले, त्यांत मेनूला कात्री लावणं हा जवळजवळ ठरलेला उपाय होता.

या मतामागे तीन युक्तिवाद आहेत. ते पोकळ नाहीत, म्हणून पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. पहिला ताजेपणाचा : दोनशे पदार्थ रोज ताजे करणं शक्य नाही, म्हणजे बरेचसे शिळे किंवा फ्रीजरमधले असणार. दुसरा प्रावीण्याचा : जो सगळं करतो त्याला एकही गोष्ट धड येत नाही. तिसरा गिऱ्हाइकाच्या मनाविषयीचा : पर्याय फार झाले की माणूस गोंधळतो, चुकीचं मागवतो आणि असमाधानी उठतो. तिन्ही युक्तिवाद काही हॉटेलांना तंतोतंत लागू पडतात. माझा आक्षेप त्यांतून काढलेल्या नियमावर आहे. पदार्थांची संख्या मोजली की स्वयंपाकघराची लायकी कळते, हा तो नियम. चेन्नईच्या वेलचेरीत रोज जेवणाऱ्याला तो क्षणभरही पटू नये, आणि तरी तिथे राहणारे आपले मराठी लोकसुद्धा तोच नियम लावून शेजारच्या हॉटेलाला नावं ठेवतात.

वेलचेरी हा चेन्नईच्या दक्षिणेकडचा भाग. तलावाकाठचं जुनं गाव, चोळांच्या काळापासूनचं दंडीश्वरर मंदिर, पलीकडे पळ्ळिकरणैची दलदल. मग तरमणी आणि जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर आयटी कंपन्या आल्या, २००७ साली लोकल वेलचेरीपर्यंत पोचली, २०१३ मध्ये फिनिक्स मार्केटसिटी हा मॉल उघडला. एका अंगाला आयआयटी मद्रासचा परिसर आहेच. आज विजयनगर बसस्टँडच्या आसपास सकाळी मंदिरातून परतणारी आजी, दुपारी गळ्यात ओळखपत्र लटकवलेली कंपनीतली मुलं, चारला शाळेतून सुटलेली पोरं आणि रात्री अकराला शिफ्ट संपवून आलेला माणूस एकाच हॉटेलात जेवतात. त्या हॉटेलचं कार्ड लॅमिनेट केलेलं, सहा-आठ पानी असतं. टिफिन, डोसे, मील्स, व्हरायटी राइस, परोटा, नॉर्थ इंडियन, तंदूर, चायनीज, चाट, ज्यूस आणि शेवटी फिल्टर कॉफी. नावं दीडशेच्या पुढे सहज जातात. जुन्या दरांवर नव्या दरांच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. पूर्वपक्षाच्या दृष्टीने याहून मोठा पुरावा नको.

पण त्या कार्डावर मथळ्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी काही छापलेलं असतं आणि लांबी मोजणारे तेच वाचत नाहीत. टिफिन सकाळी अकरापर्यंत आणि पुन्हा साडेतीननंतर. मील्स अकरा-साडेअकरा ते तीन-साडेतीन. नॉर्थ इंडियन आणि चायनीज दुपारी काही तास, मग पुन्हा संध्याकाळी सात ते साडेदहा. चाट चारनंतर. घड्याळ बाजूला ठेवून हे कार्ड वाचणं म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक वाचताना सगळ्या गाड्या एकाच वेळी फलाटावर उभ्या आहेत असं समजणं. सकाळी साडेसातला त्या दीडशे नावांपैकी पंधरा-वीसच खरोखर अस्तित्वात असतात : इडली, वडा, पोंगल, पुरी, काही डोसे, रवा केसरी, कॉफी. दुपारी एक वाजता डोसा मागितला तर कित्येक ठिकाणी वाढपी मान हलवतो आणि 'इल्लै' म्हणतो. दाराशी 'साप्पाडु तयार' असा फलक लागलेला असतो. त्या वेळी स्वयंपाकघर मुख्यतः जेवण वाढतं : कूट्टु, पोरियल, अप्पळम, सांबार, वत्तकुळंबु, रसम, ताक, पायसम. फुल मील्समध्ये भाताला मर्यादा नाही, मिनी मील्समध्ये आहे. जेवणात निवड एवढीच.

म्हणजे एका दिवसात हे हॉटेल चार निरनिराळे छोटे मेनू चालवतं आणि चारही एकाच कार्डावर छापतं. नेहमीचं गिऱ्हाईक कार्डाला हातही लावत नाही. ते बसतं, 'एन्न इरुक्कु?' विचारतं, म्हणजे काय आहे. मग वाढपी एका दमात यादी म्हणतो. त्यात आता कढईतून निघालेल्या वड्याचं नाव आधी येतं आणि संपत आलेल्या पोंगलचं नाव येतच नाही. खरा मेनू तो. छापील कार्ड हे त्याचं सबंध वर्षाचं दप्तर. ही पद्धत मागासलेली आहे असं मानण्याचं कारण नाही. चीनमधल्या सोंग राजवटीच्या कैफेंग शहराच्या आठवणी मेंग युआनलाओने ११४७ मध्ये लिहून ठेवल्या आहेत. तिथल्या भोजनगृहांतले वाढपी प्रत्येकाला काय हवं ते तोंडी विचारून घेत, कुणाला गरम, कुणाला थंड, आणि सगळं लक्षात ठेवून ओळीने स्वयंपाकघराला ऐकवत. पॅरिसमध्ये छापील मेनू रुळायच्या सहाशे वर्षं आधीची ही गोष्ट. जो पदार्थ तयार नाही तो मागवण्याची वेळच गिऱ्हाइकावर येऊ नये, हे काम तोंडी यादी छापील कार्डापेक्षा चांगलं करते.

आता ताजेपणाच्या युक्तिवादाकडे. त्यात एक हिशेबाची चूक आहे. प्रत्येक नावामागे वेगळा साठा, वेगळी तयारी आणि वेगळं भांडं असतं असं तो धरून चालतो. दोशाचं पान उघडा. साधा, मसाला, घी रोस्ट, कांदा, पोडी, पोडी-कांदा, पेपर रोस्ट, चीज, मशरूम, कल दोसै, उत्तप्पा, टोमॅटो उत्तप्पा, भाज्यांचा उत्तप्पा. पुढच्या पानावर इडलीचे प्रकार, सांबार इडली, पोडी इडली, कुळी पनियारम. तीसेक नावं झाली. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेलं एक पीठ, फार तर इडलीचं आणि दोशाचं अशी दोन. वर बटाट्याची भाजी, चिरलेला कांदा, पोडी आणि तूप. या तीस नावांपैकी पंचवीस कापली, तरी पीठ तेवढंच वाटावं लागेल आणि एकही दाणा अधिक ताजा होणार नाही. उलट नावं जास्त असल्यामुळे पीठ संपतं. चेन्नईच्या हवेत आंबण्याची क्रिया थांबत नाही. सकाळी इडलीला योग्य असलेलं पीठ दुपारनंतर आंबट व्हायला लागतं, आणि ते आंबटपण कांद्याच्या उत्तप्प्याला किंवा पनियारमला चालतं. फक्त इडली विकणाऱ्याने त्या पिठाचं काय करावं? लांब मेनू पिठाच्या प्रत्येक वयाला काम देतो. कमी नासाडी आणि जलद खप याशिवाय ताजेपणाचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

तव्यापाशी उभं राहून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. वेलचेरीतल्या बऱ्याच हॉटेलांत दोशाचा तवा काचेआड, पण दिसेल असा असतो. हातभर रुंद लोखंडी तवा. मास्टर त्यावर पाणी शिंपडतो, वाफेचा लोट उठतो, नारळाच्या हिरांच्या आखूड केरसुणीने तो तवा साफ करतो आणि मग ओळीने सहा पळ्या ओततो. सहाही गोल पसरेपर्यंत ते सहा दोसे एकच असतात. त्यांचं नाव नंतर ठरतं. पहिल्यावर तुपाची धार, दुसऱ्यावर पोडी, तिसऱ्यावर भाजीचा गोळा, चौथ्यावर कांदा आणि कोथिंबीर. कार्डावर जे चार पदार्थ आहेत ते तव्यावर शेवटच्या मिनिटभरात वेगळे होतात. रवा डोसा मात्र खराच वेगळा. त्याचं पातळ पीठ आंबवत नाहीत, ते वाटीने उंचावरून शिंपडावं लागतं, जाळी पडावी लागते, आणि तो भाजायला कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणून तीन-चार ऑर्डरी जमल्याशिवाय मास्टर तो घेत नाही आणि वाढपी आधीच दहा मिनिटं सांगून ठेवतो. तव्यावरचं काम ज्याला कळतं त्याला कोणतं नाव वेगळं आहे आणि कोणतं नुसतं नाव आहे हे लगेच दिसतं. नावांची बेरीज करणाऱ्याला दोन्ही सारखीच.

अशीच गोष्ट नॉर्थ इंडियनच्या पानाची. पनीर बटर मसाला, कढाई पनीर, मशरूम मसाला, गोबी मसाला, व्हेज कुर्मा अशी चाळीस नावं असली, तरी त्यांच्या पोटात तीन ग्रेव्ही असतात : टोमॅटोची लाल, काजूची पांढरी आणि कांदा-टोमॅटोची तपकिरी. मुंबईच्या उडपी हॉटेलांतही हेच चालतं आणि तिथेही आपण लांबीला नावं ठेवत आलो आहोत. तीन ग्रेव्ही एका दिवसात संपणाऱ्या असतील तर चाळीस नावांत काही खोट नाही. त्या आठवडाभर पुरवल्या जात असतील तर दोनच नावं असली तरी खोट आहे. तपासायचं ते ग्रेव्हीचं वय, आणि ते कार्डाच्या पानांवरून कळत नाही.

प्रावीण्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी हॉटेलात 'मास्टर' कोण कोण आहेत ते विचारावं. दोशाचा मास्टर वेगळा, परोट्याचा वेगळा, तंदूरचा वेगळा, चायनीजचा वेगळा, चाटचा वेगळा, मिठाईचा वेगळा आणि कॉफीचाही वेगळा. परोट्याचा मास्टर डोसा टाकत नाही. मैद्याच्या गोळ्याला तेल लावून, हवेत आपटून कागदासारखी चादर करायची आणि तिची गुंडाळी वळायची, हे काम वर्षानुवर्षं करूनच हातात बसतं. रात्री तोच माणूस तव्यावर परोट्याचे तुकडे दोन पत्र्यांनी कापत कोत्तु परोटा करतो. त्याचा खणखणाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. जो सगळं करतो तो इथे कुणीच नाही. एका छपराखाली सहा-सात अतिशय अरुंद, अतिशय तरबेज स्वयंपाकघरं आहेत आणि त्यांचे सहा-सात छोटे मेनू एकत्र शिवलेले आहेत. एका घरात अनेक स्वयंपाकपद्धती नांदवणं तमिळ मुलखाला नवं नाही आणि मराठी माणसालाही नवं नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या (१७९८ ते १८३२) 'शरभेंद्र पाकशास्त्र' या मराठी पाकग्रंथात आपल्या पदार्थांच्या शेजारी इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांच्या कृतीही नोंदलेल्या आहेत.

मग छोट्या मेनूचा एवढा दबदबा आला कुठून? ज्या पॅरिसला आधुनिक रेस्तराँचं माहेर मानतात, तिथे सुरुवातीला छोटा मेनू प्रतिष्ठेचा नव्हताच. बोव्हिलिए यांच्या प्रसिद्ध भोजनगृहाच्या मेनूविषयी फ्रान्सिस ब्लॅग्डन या इंग्रज प्रवाशाने १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिलं आहे. तो मेनू इंग्रजी वर्तमानपत्राच्या आकाराचा दुहेरी छापील ताव होता आणि त्यात नुसती सूपच तेरा प्रकारची होती. लांब यादी ही तेव्हा सुबत्तेची आणि कसबाची खूण होती. वारं फिरलं ते विसाव्या शतकात. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये बर्कलीत शे पनीस हे रेस्तराँ सुरू केलं, तिथे एका रात्रीला एकच ठरलेलं जेवण असे. फ्रान्समध्ये गो आणि मियो या समीक्षकांनी १९७३ साली नव्या पाककलेच्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यांतली एक मेनू हलका करण्याची होती. ही माणसं ताजेपणासाठी भांडत होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरांना ती आज्ञा योग्य होती. तिथे प्रत्येक पदार्थाचं मांस वेगळं, सॉस वेगळा, ताटाची मांडणी वेगळी. एका पिठातून तीस नावं काढणारं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

पण छोट्या मेनूला आणखी एक पूर्वज आहे, आणि त्याचं नाव त्याचे पुरस्कर्ते घेत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपलं चालतं हॉटेल बंद ठेवून मेनू पंचवीस पदार्थांवरून नऊवर आणला. हेतू वेगाचा होता. कारखान्यात जसे सुटे भाग जोडतात तसं प्रत्येक माणसाने एकच काम करायचं, म्हणजे कुशल आचाऱ्याची गरजच उरत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत साचेबंद, गोठवलेल्या मालावर चालणाऱ्या साखळ्यांपैकी एक ज्या छोट्या मेनूवर उभी राहिली, तो मेनू ताजेपणाचा दाखला म्हणून कसा चालेल? छोटी यादी खानावळीचीही असते आणि कारखान्याचीही.

तिसरा युक्तिवाद शास्त्राचा आधार सांगतो म्हणून त्याच्यापाशी थांबायला हवं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला जॅमचा प्रयोग आता सर्वतोमुखी आहे. मेन्लो पार्कमधल्या एका किराणा दुकानात चोवीस प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबणाऱ्यांपैकी तीन टक्क्यांनी जॅम घेतला, आणि सहाच मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. मेनूवर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच थांबतो. पुढे २०१० मध्ये शायबेहेने, ग्रायफेनेडर आणि टॉड यांनी अशा पन्नास प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. पर्याय वाढल्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही प्रयोगांत माणसं गोंधळली, काहींत जास्त पर्यायांनी त्यांचं भलं झालं. २०१५ मध्ये चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी हा गोंधळ केव्हा होतो ते शोधलं. आपल्याला काय आवडतं हेच ठाऊक नसेल तेव्हा तो वाढतो, हे त्यांच्या प्रमुख निष्कर्षांपैकी एक. वेलचेरीत डोसा मागणाऱ्याला आपली आवड ठाऊक नाही असं कोण म्हणेल? लहानपणापासून तो घी रोस्ट खात आला आहे आणि कार्डावरच्या इतर एकोणतीस नावांनी त्याचं मन डळमळत नाही. गोंधळतो तो नवखा, आणि नवख्याच्या गोंधळावरून रोज जेवणाऱ्यांच्या हॉटेलचा मेनू ठरवणं अन्याय आहे.

व्यवस्थापनाच्या बाजूनेही कात्री चालवली जाते. मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मेनूच्या हिशेबाची एक पद्धत मांडली. प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि त्यावर किती सुटतं हे पाहून त्याचे चार वर्ग करायचे. दोन्हींत मागे पडलेल्या वर्गाला त्यांनी 'डॉग' म्हटलं आणि असे पदार्थ काढून टाकण्याकडे त्यांचा कल होता. पद्धत उपयोगी आहे. आपलं काय चालतं याचा मालकाला अंदाज असतो, आकडा नसतो. पण ती एकेक पदार्थ सुटा मोजते आणि माणसं सुटी येत नाहीत. वेलचेरीत कंपनीतले सहा जण दुपारी एका टेबलाशी बसतात. एक आंध्रचा, एक बंगाली, एक कांदा-लसूण न खाणारा जैन, एक पोट बिघडल्यामुळे फक्त दहीभात मागणारा, एक मराठी आणि आणखी एक कुणीतरी. बाकीच्या पाच जणांनी कुठे जायचं हे त्या दहीभातवाल्यावर ठरतं. तयिर सादमवर, म्हणजे दहीभातावर, हॉटेलला काही सुटत नाही आणि ते फार खपतही नाही. ते कार्डावरून काढलं तर जे पाच जण उठून जातील त्यांची नोंद कुठल्याच पदार्थाच्या खात्यात होणार नाही.

इथे मला लांब मेनूची सर्वांत मोठी बाजू दिसते. छोटा मेनू एकसारख्या माणसांना सोपा जातो. जुन्या मद्रासमधल्या कित्येक छोट्या, नावाजलेल्या भोजनगृहांत काय शिजतं याबरोबर कोण बसतं हेही ठरलेलं असे. ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेच्या पाटीवरचा 'ब्राह्मणाळ' हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांना १९५७ मध्ये आंदोलन करावं लागलं. त्या जुन्या स्वयंपाकघरांची चव चांगली होती हे मी नाकारत नाही. पण ज्या टेबलाशी जात, प्रांत आणि पथ्य वेगळं असलेली सहा माणसं एकत्र बसू शकतात, ते टेबल लांब मेनूने शक्य केलं आहे, आणि ही मिळकत चवीच्या हिशेबात धरायला हवी. माणसांप्रमाणे पंचांगही यात येतं. पुरट्टासीच्या महिन्यात, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आपल्या श्रावणासारखा बऱ्याच घरांत मांसाहार बंद असतो. तेव्हा बिर्याणीच्या हॉटेललाही कार्डावरच्या शाकाहारी पानाचाच आधार असतो.

छोट्या मेनूचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर तोही चेन्नईत आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या अम्मा उणवगम या स्वस्त सरकारी खानावळींमध्ये सुरुवातीला इडली एक रुपया, सांबारभात पाच रुपये आणि दहीभात तीन रुपये होता. सकाळी इडली, दुपारी भात, पुढे संध्याकाळी चपाती. आपल्याकडे २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी तशीच : दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात, दहा रुपये. या याद्या छोट्या आहेत कारण किंमत खाली ठेवायची आहे, आणि ते कारण पुरेसं मोठं आहे. तिथेही वेळ बांधलेली आहे हे मात्र पाहावं. शिवभोजन दुपारच्या ठरावीक तासांतच मिळतं. चांगल्या छोट्या मेनूत आणि चांगल्या लांब मेनूत समान गोष्ट सापडते ती हीच. दोघेही घड्याळ पाळतात.

म्हणून पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते मी घेतो आणि त्याची कसोटी बदलतो. वाईट लांब मेनू असतो. वेलचेरीतही आहे. सकाळी दहाला बिर्याणी, दुपारी दोनला पनियारम, रात्री साडेअकराला फुल मील्स, जे मागाल ते आणि मागाल तेव्हा. असं हॉटेल लांबीमुळे संशयास्पद ठरत नाही, कधीच 'इल्लै' न म्हणण्यामुळे ठरतं. दम बिर्याणी सकाळी डेगीत चढते, अकरा-बारापर्यंत उतरते आणि दुपारी कधीतरी संपते. जी संपतच नाही ती केव्हा शिजली असा प्रश्न पडलाच पाहिजे. तेव्हा नव्या हॉटेलात गेल्यावर पानं मोजण्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात : आत्ता काय नाही, आणि त्या पानाचा मास्टर आज आहे का. दोन्हींना चटकन आणि नेमकं उत्तर मिळालं, तर आठ पानी कार्डावर खुशाल विश्वास ठेवावा.

लांबीवरून दर्जा ठरवण्याची सवय फोनवर मेनू वाचण्यामुळे बळावली असं माझं मत आहे. झोमॅटोची सुरुवातच २००८ मध्ये 'फूडीबे' या नावाने, हॉटेलांची मेनू कार्डं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकण्यातून झाली होती. घरी बसून, रात्री, सबंध कार्ड एकदम पाहायला मिळालं आणि त्याबरोबर वाढप्याचा आवाज गेला, तव्याचं दर्शन गेलं. उरली ती यादी. याच काळात एका स्वयंपाकघरातून अनेक नावांनी विकण्याची पद्धत आली. पुण्यात फासोस म्हणून सुरू झालेली आणि आता रेबेल फूड्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी फासोस, बेहरूझ बिर्याणी, ओव्हन स्टोरी अशी वेगवेगळी नावं सामायिक स्वयंपाकघरांतून चालवते. हे उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. पण फोनच्या पडद्यावर ही तीन नीटस, छोटी, एकेका पदार्थाला वाहिलेली दुकानं दिसतात. लांबी मोजणारा त्यांना पसंत करील आणि शेजारच्या आठ पानी हॉटेलला नाकारील, जिथे एका छपराखाली अनेक स्वयंपाकघरं आहेत हे निदान कार्डावरच लिहिलेलं असतं.

दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक छापावेत असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या विनियमांत घातला. त्यामुळे चेन्नईच्या साखळी हॉटेलांत घी रोस्टसमोर आता किलोकॅलरीचा आकडा दिसू शकतो. गिऱ्हाइकाला काय कळलं पाहिजे याचा विचार सरकारी पातळीवर झाला हे चांगलंच. पण त्या आकड्याच्या शेजारी तयारीची वेळ छापायला लावली असती तर मला जास्त आवडलं असतं : पीठ कधी वाटलं, ग्रेव्ही कधी केली, डेग कधी उतरली. वेलचेरीतला वाढपी हे विचारल्यावर आजही सांगतो. कार्डावर आज बारीक अक्षरांत असलेल्या वेळा पदार्थाच्या नावाएवढ्या ठळक छापणं हे हॉटेलमालकांच्या हातात आहे. त्याला नियमाची वाट पाहावी लागत नाही, फक्त पुढच्या वेळी कार्ड छापायला टाकताना छापखान्याला तसं सांगावं लागतं.